गाडी टायर खातेय आणि स्टिअरिंगही मनासारखं नाही

या महिन्यात आलेली पत्रं वाचताना लक्षात आलं की निम्म्याहून जास्त लोकांचं दुखणं एकच आहे. गाडी जरा स्पोर्टी, हौसेनं घेतलेली, तिला अजून छान वळवायचीय, आणि टायर मात्र एका कडेनं संपत चाललेत. म्हणून यावेळी मायलेज आणि इन्शुरन्सचे प्रश्न पुढच्या अंकात ढकललेत. सगळ्यात सविस्तर पत्र पुण्याहून आलंय, तिथूनच सुरू करू.

प्रश्न (पुणे) : दादा नमस्कार. माझी २०१५ची पोलो जीटी टीएसआय आहे, ६८ हजार किमी झालेत. दीड वर्षापूर्वी लोअरिंग स्प्रिंग टाकल्या, गाडी ३५ मिमी खाली आली, शॉकअप मात्र जुनेच आहेत. दिसायला एक नंबर झाली पण तेव्हापासून पुढचे दोन्ही टायर आतून खाते, १४ हजार किमीत आतली कड गोटा झाली आणि बाहेरून बघाल तर टायर नवा वाटतो. मागून घूंऽऽ असा आवाज येतो, एका ठिकाणी बेअरिंग गेलंय म्हणाले, बेअरिंग बदललं तरी आवाज तोच. एक्सप्रेसवेला १०० ला गाडी सारखी इकडे तिकडे बघते, स्टिअरिंग घट्ट धरून बसावं लागतं. अलाइनमेंट तीनदा केलं, ते म्हणतात लोअर केलीय म्हटल्यावर कॅम्बर निगेटिव्ह होणार आणि टायर खाणारच. मला हँडलिंग अजून टाइट हवंय, जाड अँटी-रोल बार, स्ट्रट ब्रेस, पॉलीयुरेथेन बुश आणि २१५ चे टायर असा विचार आहे, बजेट ७० हजार. शेवटच्या अलाइनमेंटचे पुढचे आकडे : कॅम्बर डावा उणे १ अंश ३५ मिनिटं, उजवा उणे ० अंश ५० मिनिटं. टो डावा उणे १४ मिनिटं, उजवा उणे १२ मिनिटं. काय करू?

उत्तर : प्रिंटआउटचे आकडे पाठवलेत हे फार बरं केलंत, नाहीतर मीही अंदाजच बांधत बसलो असतो. तर आकडे वाचू. एक अंश म्हणजे ६० मिनिटं. टोच्या मागे उणे आहे म्हणजे चाकांची तोंडं बाहेर आहेत, माणूस पाय फाकवून उभा राहिला की पंजे बाहेर वळतात तशी. दोन्ही मिळून २६ मिनिटं टो-आउट. आणि तीनदा अलाइनमेंट करून सगळ्यांनी बोट दाखवलं ते कॅम्बरकडे, म्हणजे समोरून बघताना चाक किती झुकलंय त्या कोनाकडे, उणे असला की चाकाचं वरचं टोक आत. माझ्या मते घोटाळा इथेच आहे.

नुसता दीड अंश निगेटिव्ह कॅम्बर १४ हजार किमीत टायरची कड संपवत नाही. कित्येक स्पोर्टी गाड्यांना मागच्या चाकांचा कॅम्बर कंपनीकडूनच दीड अंशाच्या आसपास येतो आणि त्यांचे टायर व्यवस्थित चालतात. कॅम्बर फक्त जागा ठरवतो, म्हणजे वजन आतल्या कडेवर टाकतो, घासायचं काम टो करतो. हिशेब करून बघा. तुमचं प्रत्येक चाक सरासरी १३ मिनिटं बाहेर तोंड करून पळतंय, म्हणजे दर किलोमीटरला ते साधारण पावणेचार मीटर बाजूला जायला बघतं आणि गाडी त्याला ओढून सरळ नेते. पुण्याहून कोल्हापूर २३० किमी धरा, एका फेरीत टायर जवळजवळ ८७० मीटर आडवा घासला गेला, आणि तोही सगळा भार आतल्या दोन इंचांवर घेऊन. मग कड राहणार कशी?

यावर विश्वास बसत नसेल तर गाडी लावल्यावर हाताने बघा. पुढचा टायर थंड असताना तळवा नक्षीवर आडवा फिरवा, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. एका दिशेला हात गुळगुळीत सरकतो आणि दुसऱ्या दिशेला नक्षीच्या कडा करवतीच्या दातांसारख्या हाताला अडतात. बाहेरून आत नेताना अडत असेल तर टो-आउट, आतून बाहेर आणताना अडत असेल तर टो-इन. तुमच्या गाडीला बाहेरून आत नेताना अडणार असं मी आत्ताच सांगतो. फक्त जरा जपून, आतली कड गोटा झालीय तिथे कधीकधी तार बाहेर आलेली असते, तिने बोट चांगलंच कापतं. आणि तार दिसली तर त्या टायरवर हायवेला जायचंच नाही, हे मी अगदी हात जोडून सांगतोय. नक्षीच्या खोबणीत ज्या छोट्या आडव्या पट्ट्या असतात त्या १.६ मिमीच्या असतात, टायरच्या रुंदीत कुठेही नक्षी त्या पट्टीला टेकली की टायर संपला, बाकी ठिकाणी कितीही उरलेली असो.

१०० ला गाडी इकडे तिकडे बघते त्याचं मूळसुद्धा हेच. टो-आउटमध्ये डावं चाक डावीकडे आणि उजवं उजवीकडे जायला बघतं, रस्त्याचा एखादा उंचवटा आला आणि एका चाकावर जास्त वजन पडलं की गाडी त्याचं ऐकते, पुढच्या क्षणाला दुसऱ्याचं. ट्रॅकवर लोक मुद्दाम थोडा टो-आउट ठेवतात कारण गाडी वळणात पटकन तोंड घालते, पण ते टायर दोन दिवसांत बदलायच्या तयारीने आलेले असतात. आपल्याला रोज हिंजवडीला जायचंय.

आता लोअरिंगमुळे हे झालं का, तर अर्धं हो. गाडी खाली आली की लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) आणि टाय रॉड (स्टिअरिंगकडून येऊन चाक वळवणारा दांडा) दोघांचे कोन बदलतात पण सारखे बदलत नाहीत, म्हणून नुसत्या उंचीने टो हलतो. स्प्रिंग टाकल्यावर काहीशे किमी चालवून स्प्रिंग बसल्या की अलाइनमेंट करायचंच असतं. पण टो हा टाय रॉडवर पाच मिनिटांत ॲडजस्ट होतो! लोअर केलेली असो नाहीतर नसो, टो शून्यावर आणता येतो. तीनदा पैसे घेऊन तो आणला गेला नाही यामागे एकच कारण मला दिसतं, मशीनवर आकडा हिरव्या पट्ट्यात आला की काम झालं असं समजायचं किंवा लाल राहिला तर "लोअर केलीय" म्हणून सोडून द्यायचं. हिरवा पट्टा ही कंपनीने दिलेली सूट असते, त्या सुटीच्या एका टोकाला डावं चाक आणि दुसऱ्या टोकाला उजवं असलं तरी स्क्रीन हिरवाच दिसतो.

पण थांबा, लगेच चौथ्यांदा अलाइनमेंटला पळू नका. तुमच्या पत्रात मला जास्त खटकलं ते कॅम्बरमधलं ४५ मिनिटांचं अंतर. डावं चाक उजव्यापेक्षा पाऊण अंश जास्त झुकलंय. आपण डावीकडून चालतो, रस्त्याच्या कडेचे खड्डे डाव्या चाकाच्याच नशिबी येतात, त्यामुळे डावी बाजू वाकलेली सापडणं हे नेहमीचं आहे. ते वाकलंय का नुसतं सरकलंय हे ओळखायची युक्ती आहे, आणि ती मशीनमध्येच असते पण कुणी ते पान उघडत नाही. मशीन एसएआय नावाचा एक कोन मोजतं, चाक ज्या तिरक्या रेषेभोवती वळतं त्या रेषेचा कोन. डाव्या उजव्याचा एसएआय आणि कॅम्बर यांची बेरीज करा, बेरीज करताना कॅम्बरचं उणे चिन्ह धरा. दोन्ही बाजूंची बेरीज सारखी आली तर स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंगचा एकत्र खांब) आणि नकल (चाक ज्या तुकड्यावर बसतं तो) वाकलेले नाहीत, बहुतेक सबफ्रेम, म्हणजे लोअर आर्म धरणारी चौकट, एका बाजूला सरकलीय, बोल्ट सैल करून ती मध्ये आणता येते. बेरीज वेगळी आली तर त्या बाजूचा स्ट्रट नाहीतर नकल वाकलाय, तो बदलल्याशिवाय इलाज नाही. तुमच्या गाडीला पुढचा कॅम्बर वेगळा ॲडजस्ट करायची सोय कंपनीने दिलेली नाही, सबफ्रेम सरकवून दोन्ही बाजू समान करता येतात तेवढंच, त्यामुळे हे तपासणं अजूनच महत्त्वाचं.

मागचा घूं आवाज. बेअरिंगचे पैसे गेले याचं वाईट वाटलं, ही चूक फार होते कारण आवाज खरोखर सारखा असतो. मागच्या टायरवर लांबीच्या दिशेने हात फिरवा, म्हणजे टायर गोल फिरतो त्या दिशेने. दर काही इंचांवर खड्डा, उंचवटा, खड्डा, उंचवटा असं लागलं तर शॉकअप गेलेत. चाक रस्त्यावर टेकून राहायच्या ऐवजी बारीक उड्या मारत चाललंय आणि जिथे आपटतं तिथे रबर झिजतंय. जुने शॉकअप ६८ हजारावर तसेही थकलेले असतात, त्यात स्प्रिंग आखूड आणि कडक केली की शॉकअपला हालचालीला जागा कमी उरते, प्रत्येक स्पीडब्रेकरला तो शेवटच्या रबरावर आपटतो. तुमच्या पुढच्या स्ट्रटचीही हीच गत असणार.

आता तुमची खरेदीची यादी. मनापासून सांगतो, यातलं एकही आत्ता घेऊ नका. स्ट्रट ब्रेस, म्हणजे दोन्ही स्ट्रटची वरची टोकं जोडणारा दांडा, या बॉडीवर तुम्हाला जाणवेल इतका फरक करत नाही, बॉनेट उघडल्यावर छान दिसतो. जाड अँटी-रोल बार (वळणात गाडीचं झुकणं रोखणारा दांडा) चांगली गोष्ट आहे पण सैल बुशवर, म्हणजे सांध्यांतल्या झिजलेल्या रबरांवर, बसवून काय उपयोग. पॉलीयुरेथेन बुश स्टिअरिंग धारदार करतात हे खरं, पण आवाज आणि थरथर केबिनमध्ये येते, ग्रीस सुकलं की किरकिरतात आणि पुण्याच्या रस्त्यांवर ते सहा महिन्यांत नकोसं होतं, त्यापेक्षा कंपनीचे नवीन रबर बुश टाका, नवीन रबर बुशची गाडी किती घट्ट वाटते हे ६८ हजार किमी चाललेल्या गाडीचा मालक विसरून गेलेला असतो. आणि २१५ चा टायर म्हणजे जड स्टिअरिंग, रस्त्यातल्या चाकोऱ्या पकडून ओढणं आणि पावसात पाण्यावर तरंगायची भीती जास्त. तुमच्या गाडीला नंतरच्या वर्षांत कंपनीनेच १९५/५५ आर १६ दिला होता, त्याच मापाचा चांगला टायर घ्या. ग्रिप रुंदीपेक्षा रबराच्या दर्जात जास्त असते.

तुमच्या ७० हजारांचं मी असं करीन. पहिलं, चारही शॉकअप, पुढचे स्ट्रट माउंट आणि लोअर आर्मचे बुश, त्यातही मागचा मोठा बुश. तो फाटला की ब्रेक मारताना चाकाचा टो जागच्या जागी बदलतो, मग स्थिर गाडीवर कितीही अचूक अलाइनमेंट करा, रस्त्यावर ते टिकत नाही. टाय रॉड एंड आणि बॉल जॉइंटला खेळ आहे का ते गाडी उचलून चाक घड्याळातल्या ९ आणि ३ ला धरून, मग १२ आणि ६ ला धरून हलवून बघायला लावा, आणि स्वतः बाजूला उभे राहा. दुसरं, स्प्रिंग. हे तुम्हाला आवडणार नाही पण मी ओरिजनल उंचीवर परत जाईन, फार तर १५ मिमी खाली. कारण दिसण्याचं नाही. पुढे मॅकफर्सन स्ट्रट असलेल्या गाडीत लोअर आर्म बाहेरच्या टोकाला किंचित खाली उतरता असायला हवा, गाडी खूप खाली गेली की तो आडवा होतो, मग वळणात गाडी झुकली तरी चाकाला हवा तो जास्तीचा कॅम्बर मिळत नाही. शिवाय गाडीचा रोल सेंटर, म्हणजे ती ज्या बिंदूभोवती झुकते तो, गुरुत्वमध्य जेवढा खाली येतो त्यापेक्षा जास्त खाली घसरतो, म्हणजे स्प्रिंग कडक असूनही झुकायचा रेटा वाढतो. लोक खाली केलेल्या गाडीला हँडलिंगची गाडी म्हणतात आणि घाटात ती साध्या गाडीपेक्षा वाईट वळते, हे मी किती वेळा बघितलंय. तिसरं, दोन नवीन टायर, ते मागे लावायचे आणि मागचे बरे असतील तर पुढे. आणि शेवटी अलाइनमेंट, चारही चाकांचं.

त्या दिवशी हे कराच : जाण्याआधी सकाळी थंड असताना चारही टायरची हवा स्टिकरप्रमाणे भरा, डिकीतलं सामान काढा, टाकी अर्धी असू द्या. काम सुरू करण्याआधीचा आणि नंतरचा असे दोन्ही प्रिंट मागा. मागची चाकं आधी मोजायला सांगा. तुमच्या गाडीला मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा एकच आडवा बीम) आहे, तिथे ॲडजस्टमेंट नसते, पण मागची दोन्ही चाकं एका बाजूला बघत असतील तर पुढचं सगळं त्या रेषेला धरून लावावं लागतं, नाहीतर सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं राहतं. पुढे टो दोन्ही मिळून शून्य ते ६ मिनिटं टो-इन, दोन्ही चाकांत अर्धा अर्धा. कॅम्बर उणे पाऊण ते सव्वा अंशात कुठेही बसला तरी चालेल पण डाव्या उजव्यात २० मिनिटांपेक्षा जास्त फरक नको. एवढं झाल्यावर दोन हजार किमी चालवा, ताम्हिणीतून एकदा जाऊन या, आणि मग अँटी-रोल बार हवासा वाटला तर मला परत लिहा. मला वाटतं तुम्ही लिहिणार नाही.

प्रश्न (कोल्हापूर) : माझी स्विफ्ट आहे, सगळं कंपनीचं, काही बदललेलं नाही. आंबा घाटातून महिन्यात चार-पाचदा रत्नागिरी होते, मी जरा जोरात चालवतो हे कबूल. पुढचे टायर बाहेरच्या कडेला झिजतात, दोन्ही बाजूंना सारखे. वळणात गाडी बाहेर सरकते असं वाटतं. अलाइनमेंट ओके आहे.

उत्तर : तुमचं दुखणं पुण्याच्या बरोबर उलट आहे. पुढचं चाक वळणात बाहेरच्या खांद्यावर लोळतंय. आधी हवा बघा, घाटवाल्यांना सवय असते की राइड मऊ हवी म्हणून दोन-तीन पीएसआय कमी ठेवायची. ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या खांबावर स्टिकर आहे त्याप्रमाणे थंडीत भरा, थंडीत म्हणजे गाडी रात्रभर उभी असताना, पंपापर्यंत पाच किमी जाऊन नव्हे. तापमान साधारण साडेपाच अंश सेल्सिअस बदललं की एक पीएसआय हलतो, त्यामुळे मे महिन्यात भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे कमीच भरणार. घाटासाठी मी स्टिकरपेक्षा दोन पीएसआय जास्त ठेवीन, त्याच्यावर नाही, कारण मग नक्षी मधून झिजायला लागते.

त्यानंतरही कड झिजत राहिली तर तुमच्या गाडीत एक सोय आहे. स्ट्रट नकलला दोन बोल्टने बसतो, त्यातला एक बोल्ट काढून त्या जागी कॅम्बर बोल्ट मिळतो, मध्ये फुगीर असतो, फिरवला की चाक आत झुकतं. दोन्ही बाजूंना उणे १ अंशाच्या आसपास आणा, त्याहून जास्त नको. कॅम्बर हलवला की टो हलतोच, म्हणून लगेच टो परत लावायचा, हे विसरलं की कॅम्बर बरोबर असूनही टायर टोमुळे झिजत राहतो. बोल्ट ठरलेल्या टॉर्कने आवळून घ्या आणि ५०० किमीनंतर परत तपासा, ही चालढकल करायची गोष्ट नाही. टायर ८ ते १० हजार किमीला पुढचे मागे, मागचे पुढे करत राहा.

आणि वळणात सरकणं, त्यातलं अर्धं हातात असतं. वळणाच्या आत ब्रेक मारत शिरलं आणि वर स्टिअरिंग जास्त फिरवलं की पुढचा टायर दोन्ही कामं एकदम करू शकत नाही, तो घासत बाहेर जातो. ब्रेक सरळ रेषेत संपवा, मग वळवा. टायर तर वाचतीलच, पण आंब्यात समोरून ट्रक येतो तेव्हा आपली लाइन आपल्याच बाजूला राहते.

प्रश्न (गोवा) : नायट्रोजन भरल्याने टायर सारखे झिजतात का?

उत्तर : साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. झीज सारखी होते ती प्रेशर दर पंधरा दिवसांनी बघितल्याने, आत काय भरलंय त्याने नाही.

प्रश्न (न्यू जर्सी) : मी मूळचा नाशिकचा, इकडे दहा वर्षं झाली. २०१७ ची माझदाची एनडी मिआटा घेतलीय, रोज ऑफिसला हायवेने येऊन-जाऊन ६० मैल आणि महिन्यातून एकदा ऑटोक्रॉस, म्हणजे मोकळ्या जागेत कोन्स मांडून त्यातून वेळ लावून गाडी चालवायची स्पर्धा. पार्किंग लॉटमधल्या त्या कोन्समध्ये पुढच्या टायरची बाहेरची कड जाते, गाडी तोंड घालत नाही असं वाटतं. मित्र म्हणतो पुढे अडीच अंश कॅम्बर लाव. मग रोजच्या ६० मैलांत टायर आतून जातील का? आणि इलेक्ट्रिक स्टिअरिंगमध्ये फील येत नाही त्याला काही उपाय?

उत्तर : तुमच्या गाडीबद्दल लिहायला मला फार आनंद होतो कारण ही गाडी बनवणाऱ्यांनी मालकाला सगळं हातात दिलंय. पुढे डबल विशबोन, मागे मल्टिलिंक, आणि पुढच्या चाकांचा कॅम्बर, कास्टर (चाक ज्या रेषेभोवती वळतं ती बाजूने बघताना किती मागे झुकलीय तो कोन), टो आणि मागच्यांचा कॅम्बर, टो, सगळं कंपनीच्याच बोल्टवर फिरतं. जेमतेम साडेदहाशे किलोची गाडी, तिला पार्टपेक्षा माप जास्त लागतं.

अडीच अंश कंपनीच्या उंचीवर मिळणार नाही आणि रोजच्या गाडीला नकोच. पुढे दीड अंश निगेटिव्ह, दोन्ही बाजूंना सारखा. पुढचे कॅम्बर आणि कास्टर एकाच आर्मच्या दोन बोल्टवर आहेत, त्यामुळे कॅम्बर वाढवायला गेलं की कास्टर थोडा सोडावा लागतो, कारागिराला सांगा की कॅम्बर ठरलेला मिळवून उरेल तेवढा सगळा कास्टर ठेव. तुमच्या फीलच्या प्रश्नाचं उत्तर या कास्टरमध्येच आहे. कास्टर जास्त असला की स्टिअरिंग सोडल्यावर जोराने मध्ये येतं, वळणात हाताला वजन लागतं, आणि वळवलेलं बाहेरचं चाक आपोआप जास्त झुकतं, म्हणजे हवा तो कॅम्बर फक्त वळतानाच मिळतो आणि हायवेला सरळ जाताना टायरला त्रास नाही. मोटर इलेक्ट्रिक असली तरी हाताला जे कळतं ते शेवटी चाकाच्या कोनांतूनच येतं.

पुढचा टो शून्य. टो-आउटचा मोह होईल कारण कोन्समध्ये गाडी सुरेख चमकते, पण रोज ६० मैल म्हणजे जवळजवळ शंभर किलोमीटर, वर काढलेला हिशेब तुम्हालाही लागू. मागे मात्र टो-इन हवाच, दोन्ही मिळून १० ते १२ मिनिटं, आणि कॅम्बर पुढच्या इतका किंवा थोडा जास्त. मागून ओढणाऱ्या हलक्या गाडीला मागे टो-आउट झाला तर ओल्या रस्त्यावर गॅस सोडताच शेपूट पुढे येतं, हे प्रिंटवर स्वतः वाचल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. तुम्ही बसल्यावर जेवढं वजन पडतं तेवढं वजन ड्रायव्हर सीटवर ठेवून माप घ्यायला सांगा, एवढ्या हलक्या गाडीत एका माणसाचं वजन आकड्यांत दिसतं.

ऑटोक्रॉसच्या दिवशी एक साधं करा. टायरच्या खांद्यावर छोटा त्रिकोण कोरलेला असतो, तिथे पांढऱ्या खडूची आडवी रेघ ओढा, नक्षीपासून खाली बाजूच्या भिंतीपर्यंत. एक रन मारून या आणि बघा खडू कुठपर्यंत पुसला गेला. त्रिकोणाच्या टोकापर्यंत पुसला तर हवा बरोबर, त्याच्या खाली गेला तर टायर लोळतोय, दोन पीएसआय वाढवा, टोकाच्या वरच राहिला तर दोन कमी करा. चार रनमध्ये तुमच्या गाडीचं, तुमच्या हाताचं प्रेशर तुम्हाला कळेल. घरी निघताना हवा परत रोजच्या आकड्यावर आणा.

प्रश्न (चिपळूण) : आमच्याकडे एकच अलाइनमेंटवाला आहे आणि त्याच्या मशीनवर माझा भरवसा नाही. गाडी डावीकडे ओढते. घरी काही तपासता येतं का?

उत्तर : येतं, आणि चांगलं येतं. आधी ओढण्याचं बघू. आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतरते असतात, डावीकडून चालणारी गाडी थोडी डावीकडे जाणारच. मोकळ्या सपाट मैदानात चालवून बघा. तिथेही ओढत असेल तर पुढच्या दोन चाकांची अदलाबदल करा, टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण नसेल तरच. ओढ उजवीकडे गेली तर दोष टायरचा आहे, अलाइनमेंटचा नाही. फक्त ब्रेक मारतानाच ओढत असेल तर कॅलिपर आणि लोअर आर्मचा बुश बघायला लावा.

आता टो. गाडी सपाट फरशीवर उभी करा, हवा सारखी भरा, स्टिअरिंग अगदी सरळ. पुढचं एक चाक जॅकवर उचला, उचलायच्या आधी हँडब्रेक आणि मागच्या चाकाला दगड. चाक हाताने फिरवत नक्षीच्या मध्यभागी टोकदार खिळा एका जागी घट्ट टेकवून धरा, टायरभर गोल बारीक रेघ उमटेल. दुसऱ्या चाकालाही तसंच. नक्षीच्या खोबणीवर भरवसा ठेवू नका, टायर स्वतः थोडा वाकडा फिरतो, खिळ्याची रेघ सरळ असते. गाडी खाली उतरवून हाताने ढकलत दोन-तीन मीटर पुढे न्या म्हणजे चाकं मोकळी बसतात. मग चाकांच्या पुढच्या बाजूला, शक्य तितकं चाकाच्या मधल्या उंचीला, एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत टेपने मोजा आणि त्या जागी दोन्ही रेघांवर खडूने खूण करा. टेप धरायला दुसरा माणूस लागतोच, घरातलं कुणीतरी बोलवा. आता गाडी हळूच पुढे ढकला, खुणा फिरून चाकांच्या मागच्या बाजूला त्याच उंचीवर आल्या की परत मोजा. मधे गाडी मागे ढकलायची नाही, पुढे जास्त गेली तर पूर्ण एक फेरा अजून पुढे न्या.

पुढचं माप कमी तर टो-इन, मागचं कमी तर टो-आउट. साधारण ६०० मिमी व्यासाच्या टायरला एक मिमी फरक म्हणजे जवळजवळ सहा मिनिटं. तीनदा मोजा, तिन्ही वेळा एक मिमीच्या आत उत्तर आलं तर तुमचं मोजमाप पक्कं. एक-दोन मिमी टो-इन असेल तर टोला हात लावू नका, ओढ दुसरीकडून आहे. टो-आउट तीन मिमीच्या वर निघाला तर तो आकडा कागदावर लिहून अलाइनमेंटवाल्याकडे न्या, मशीनचा आकडा त्याच्याशी जुळतो का ते त्याच्यासमोर बघा, आणि जुळला नाही तर गाडी त्याच्याकडे सोडू नका, पुढच्या खेपेला साताऱ्याला किंवा कोल्हापूरला जाल तेव्हा तिथे करून घ्या.